गाडी वाचवायचीय? मग दिवाळं काढा!

हप्ते थकलेत ना? थकू द्या. नव्वद दिवस उलटले की बँकेच्या दप्तरी तुमचं खातं एनपीए होतं, म्हणजे बुडू घातलेल्या कर्जांत जमा होतं, आणि ‘सर, सर’ करणारा फोनवरचा गोड आवाज बदलतो. मग अडाणी माणूस गाडी सासुरवाडीला नेतो, गोठ्यामागे लावतो आणि वर ताडपत्री टाकतो. तुम्ही शिकले-सवरलेले. तुम्ही रीतसर, कायद्यानं दिवाळखोर व्हा.

युक्ती मूळ अमेरिकेतली. न्यू जर्सीतल्या मेहुण्याला विचारा. तिथं दिवाळखोरीच्या कायद्यातल्या ‘चॅप्टर १३’ खाली अर्ज कोर्टात दाखल झाला की न्यायाधीशानं तोंड उघडायच्या आत वसुलीला आपोआप स्थगिती लागते. टो ट्रक दारात आलेला असला तरी हात हलवत परत. मग तीन ते पाच वर्षांत थकबाकी भागवायची, आणि ठरल्याप्रमाणे भरत राहिलात तर गाडी तुमच्याच दारात. अर्जाची फी ३१३ डॉलर, वकिलाचे वेगळे.

आता म्हणाल, आपल्याकडे कुठलं असलं? अहो, आपल्याकडे एक सोडून दोन कायदे आहेत! मुंबईकरांसाठी १९०९ चा, उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा. साहेब गेला, कायदे ठेवून गेला. अर्जाची पात्रताही त्याच काळातली: फेडता येत नाही असं कर्ज किमान पाचशे रुपयांचं हवं. पाचशेत आज वायपरची जोडी येते, तीही घासाघीस केली तर. म्हणजे तुम्ही पात्र आहातच, अभिनंदन!

मुंबईत असाल तर हायकोर्ट, बाहेर असाल तर जिल्हा न्यायालय गाठा. कोणाचं किती देणं, त्यांचे पत्ते, तुमची मालमत्ता कुठं नि किती, सगळं कागदावर मांडा. चुलत्याकडून उसने घेतलेले वीस हजारही लिहा, लपवू नका. चुलत्याच्या घरी कोर्टाचा कागद जाईल आणि यंदा तिकडून फराळाचा डबा येणार नाही, एवढंच.

पुढं तुमची मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. घाबरू नका, कायदा निष्ठुर नाही. मुंबईच्या कायद्यात तुमच्या धंद्याची अवजारं आणि बायकामुलांसकट सगळ्यांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, फर्निचर यांना हात लावत नाहीत. फक्त या सगळ्याची मिळून किंमत तीनशे रुपयांच्या आत हवी. तीनशेत एक बरा तवा बसतो. तवा ठेवायचा की सतरंजी, हे घरात बसून शांतपणे ठरवा.

आणि गाडी? खरी गंमत तिथंच आहे. तारणावर कर्ज देणाऱ्याच्या हक्काला या दिवाळखोरीनं धक्का लागणार नाही, असं दोन्ही कायद्यांत स्वच्छ लिहून ठेवलंय. तुमच्या आरसीवर बँकेचा एचपी, म्हणजे गाडी तारण असल्याचा शिक्का, चढलेला आहे. म्हणजे टीव्ही, कपाट, गावाकडचं अर्धा एकर रान कोर्टाकडे, आणि गाडी बँकेकडे. जिच्यासाठी दिवाळं काढलंत तेवढी एक वस्तू सोडून बाकी सगळ्याला दिवाळखोरी लागू झाली! शिवाय त्यातून मुक्तता मिळेपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही. कर्ज थकवूनही गाड्यांचा ताफा बाळगायचा तो राजमार्गही बंद.

ओढायला येणाऱ्यांचा मात्र आदर राखा. गुंड पाठवून गाड्या उचलू नका, असं सुप्रीम कोर्टानं बजावल्यापासून जे येतात ते एक्झिक्युटिव्ह असतात, गळ्यात आयकार्ड असतं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सांगितलंय, त्यामुळे तुमची झोपमोड होणार नाही. त्यांच्या मोबाइलमध्ये थकलेल्या गाड्यांचे नंबर असतात. टोलनाक्यावर, हॉटेलच्या पार्किंगमध्ये तुमचा नंबर जुळला की एक जण चावी मागतो, दुसरा तोवर इन्व्हेंटरी लिहायला घेतो: स्टेपनी आहे, जॅक आहे, म्युझिक सिस्टीम आहे, डाव्या दाराला ओरखडा. डॅशबोर्डवरच्या गणपतीला त्या कागदात रकाना नसतो. तो आठवणीनं काढून घ्या, नाहीतर यार्डात तुमच्याआधी तो पोचायचा.

दिवाळखोरीच्या नव्या कायद्याचं काय? आहे की, २०१६ चा. गरिबाला कर्जातून मोकळं करायची सोय त्यात लिहिलेली आहे: वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, स्वतःचं घर नको. अशा माणसाला गाडीचं कर्ज दिलं कोणी, हे आधी शोधावं लागेल. त्यातही तारणी कर्ज धरत नाहीत. आणि १ डिसेंबर २०१९ ला व्यक्तींपैकी ज्यांना हा कायदा लागू केला, ते होते कंपन्यांच्या कर्जाला स्वतःची हमी देणारे. त्यांनी अर्ज टाकला की वसुलीची कोर्टबाजी तात्पुरती जागच्या जागी थांबते, थेट अमेरिकेसारखी.

तेव्हा तुमचं चुकलं ते एवढंच, की तुम्ही आठ लाखांचं कर्ज स्वतःच्या नावावर घेतलंत. कंपनी काढा. किमान भांडवलाची अट २०१५ मध्येच गेली आहे. मग कंपनीच्या नावानं ऐंशी कोटी मागा आणि हमीच्या कागदावर ऐटीत सही ठोका. मागायला जाताना रिक्षानं जाऊ नका, छाप पडत नाही. गाडीच न्या. फक्त बँकेच्या पार्किंगमध्ये लावू नका.