बिनकाट्याचे, बिननावाचे

आमच्या घरात काटेरी झाड आणायचं नाही, असा आईचा कायदा आहे. काटेरी झाड आलं की घरात भांडणं होतात, हे कलम एक. भांडणं आधीपासूनच होत असतील तर ती वाढतात, हे कलम दोन. हे दुसरं कलम मी 'आत्ता काय कमी होतात?' असं म्हणाल्यावर जोडण्यात आलं. पुण्यात वर मोकळी गच्ची आहे, एप्रिलचं ऊन फुकट मिळतंय आणि माणसाला कॅक्टसचा नाद आहे, तर त्याने करावं काय? मी कायदा बारकाईने वाचला. बंदी काट्यांना होती. कॅक्टसचा त्यात उल्लेखच नव्हता.

म्हणून माझ्याकडे आहेत ते सगळे बिनकाट्याचे. आणि सगळे उभे, खांबासारखे सरळ वर जाणारे, कारण आमच्या गच्चीत आडवी जागा पाण्याच्या टाक्यांनी खाल्लीय, उभी हवी तेवढी आहे. नावं त्या सगळ्यांना आहेत. कुठलं नाव कुणाचं, एवढंच ठरायचं राहिलंय.

पंचाईत अशी आहे की कॅक्टस ओळखतात तोच मुळी काट्यांवरून. मधले काटे किती, कडेचे किती, सरळ की टोकाशी वाकडे, कोवळेपणी लाल की पिवळे, जून झाल्यावर राखी की काळे. ब्रिटन आणि रोझ या अमेरिकन जोडगोळीने १९१९ ते १९२३ या काळात या कुळावर चार जाडजूड खंड काढले. त्यांच्या वाटेने चार पावलं जायचं तरी हाताशी काटा लागतो. माझ्या हाताशी काही लागत नाही. एक हिरवा खांब, त्याच्या शेजारी दुसरा हिरवा खांब, मग एक निळसर, आणि कोपऱ्यात एक गाठाळ.

नर्सरीवाल्याला विचारून पाहिलं.

"हा कोणता?"

"सेरियस, साहेब."

"आणि तो?"

"तो पण सेरियस."

"मग किमतीत दोनशेचा फरक कसा?"

"तो इम्पोर्टेड सेरियस."

घरी आणून मी प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मार्करने नावं लिहिली आणि कुंड्यांत खोचली. मार्करवर 'परमनंट' असं छापलेलं होतं. उन्हाळा संपेस्तोवर सगळ्या पट्ट्या कोऱ्या करकरीत. साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेलं मात्र उन्हापावसात टिकून राहतं, ही माहिती शेजारच्या काकूंना होती. ती त्यांनी पट्ट्या कोऱ्या झाल्यावर दिली.

मग काका आले. काकांचं बालपण साताऱ्याकडे गेलं आणि जगातली प्रत्येक वनस्पती त्यांच्या गावच्या बांधावर होती. सगळ्यांत जाड चौधारी खांबाला हात लावून ते म्हणाले, "अरे, हा थोर आहे. पैसे देऊन आणलास?"

मला हसू आलं. पण शंका आलीच होती, म्हणून टाचणी घेऊन एका धारेला हलकेच टोचलं. पांढराशुभ्र चीक आला. म्हणजे काका थोराच्या नात्यात बरोब्बर पोचले होते. तो निघाला युफोर्बिया इंजेन्स, मूळचा आफ्रिकेचा, आपल्या थोराचा आणि शेराचा भाऊबंद. कॅक्टसशी त्याचं काडीचंही नातं नाही. कॅक्टस सगळे अमेरिका खंडांतले; आफ्रिकेपासून श्रीलंकेपर्यंत आपणहून पसरलेली जात एकच, आणि ती खांब होत नाही, झाडावर लोंबते. दुष्काळी मुलुखात जगायचं म्हणून दोन खंडांतल्या दोन परक्या कुळांनी सारखीच शक्कल काढली: पानं टाकली, खोड फुगवलं, त्यात पाणी साठवलं. काटे असते तर फरक लांबून दिसला असता, कारण युफोर्बियाचे काटे बहुधा जोडीजोडीने येतात. पण त्याचेही काटे नाहीसे झालेले. राहिला चीक. आणि तो डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो, हे सांगायच्या आत काकांनी बोट चिकाला लावून वास घेतला होता. त्यांना नळाखाली हात धुवायला पाठवलं, आणि तेव्हापासून घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण मला विचारतो, "हे झाड विषारी आहे ना?"

बाकीचे तरी कॅक्टस आहेत हे भिंगाने ठरवलं. कॅक्टसच्या धारेवर ठरावीक अंतरावर कापसाची बारीक गादी असते. काटे उगवतात ते त्या गादीतून, फूल आणि फांदीही तिथूनच. काटे नसले तरी गादी असतेच. भर दुपारी, डोक्यावर पंचा, एका डोळ्याला भिंग लावून मी खांबावरचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका निरखत होतो आणि समोरच्या इमारतीतल्या आजी मला निरखत होत्या. ठिपक्यात करड्या लोकरीचे चार धागे दिसले. एवढा आनंद झाला की मी आजींना हात केला. त्या आत गेल्या.

पुढची पायरी धारा मोजण्याची. ऐकायला सोपी आहे. पण खांब गोल, धारा सगळ्या सारख्या, आणि पाचव्या-सहाव्या धारेशी आलं की सुरुवात कुठून केली ते आठवत नाही. बायको म्हणाली, "अहो, पहिलीला खूण करा ना." खूण करायला हाताशी काय, तर तिनेच करंड्यातून कुंकू आणलं. एका धारेवर बोट टेकवलं, मोजलं, सात भरल्या. खालच्या बाजूला मोजलं तर सहा. ही मोजणारांची चूक नव्हे. हे खांब वाढता वाढता मध्येच एखादी धार वाढवतात किंवा गाळतात, त्यामुळे पुस्तकात 'सहा ते आठ' असं सैल लिहिलेलं असतं आणि ते शेजारच्या जातीलाही लागू पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खांबापाशी झेंडूचं फूल होतं. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. आईने तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या तिथे रिता करायला सुरुवात केली, तेव्हा मात्र मला मध्ये पडावं लागलं, कारण या जातीला रोज पाणी म्हणजे खालून सड. बरीच बोलणी झाली. हळदकुंकू चालेल, फूल चालेल, पाणी आठवड्यातून एकदा आणि तेही पाऊस नसेल तर, असं ठरलं. 'हे कुठलं झाड आहे रे?' असं आईने एकदाही विचारलं नाही. कुंकू लावलेलं झाड, एवढी ओळख तिला पुरते.

खरं सांगायचं तर तो सान पेद्रो असावा असा माझा दाट संशय आहे. काटे नसल्यात जमा, धारा रुंद आणि गोलसर, आणि प्रत्येक गादीच्या वर इंग्रजी व्हीसारखी खाच. ही खाच फार मोलाची. सेरियसच्या धारा पातळ, खोल, आणि त्यांना ती नसते. सान पेद्रो म्हणजे इक्वेडोर-पेरूच्या डोंगरातला, ब्रिटन आणि रोझ यांनीच १९२० साली ट्रायकोसेरियस पाचानोई म्हणून नोंदवलेला. त्याच्यात मेस्कलिन नावाचं, डोकं फिरवणारं द्रव्य असतं. पेरूमधल्या चाविन दे वान्तार इथल्या प्राचीन मंदिरात हातात हा खांब धरलेली आकृती दगडात कोरलेली आहे आणि तिकडचे वैदू आजही त्याला मान देतात. म्हणजे आईने पूजेसाठी गच्चीतला नेमका तोच निवडला. हे मी बायकोला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "पोलीस येतील का?" त्यानंतर या विषयावर घरात मौन आहे.

कोपऱ्यातला गाठाळ मात्र ओळखायला सोपा. त्याला धाराच नाहीत. उतरून उतरून थिजलेल्या मेणबत्तीसारखा तो दिसतो. हा लोफोसेरियस शॉटीचा विकृत प्रकार, मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाचा, टोटेम पोल या नावाने विकला जाणारा. त्याला बी धरत नाही, म्हणून जगभर तो तुकड्या-तुकड्यांनीच वाढवतात. पाहुण्यांना त्याच्यावरून हात फिरवल्याशिवाय राहवत नाही, आणि हात फिरवून झाला की चेहरा गंभीर करून ते विचारतात, "याला काय झालंय?" दोघांनी फवारणी सुचवली. एकाने कडुनिंबाचं तेल आणूनही दिलं.

निळसर खांबाबद्दल इथे जास्त लिहिता येत नाही. मिर्टिलोकॅक्टस जिओमेट्रिझान्सचा तो जपानी प्रकार आहे, नाव फुकुरोकुर्युजिन्बोकू. साध्या जातीच्या जांभळ्या फळांना मेक्सिकोत गारांबुयो म्हणतात, ती तिकडच्या बाजारात विकायला असतात, हे सगळं सांगता येतं. पण या प्रकाराच्या धारांवर ओळीने जे उंचवटे येतात, त्यांचा आकार कशासारखा आहे ते चारचौघांत सांगण्याची सोय नाही. सासूबाई येणार असल्या की मी ती कुंडी टाकीमागे सरकवतो.

राहिले दोन साधे हिरवे. त्यांच्यापुढे भिंग थकलं, मोबाइलमधलं ॲपही थकलं. त्याने एकाच खांबाला सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तीन वेगळी नावं दिली, पैकी संध्याकाळचं काकडीचं होतं. अशा वेळी शेवटचा निवाडा फुलाचा. सेरियस असो की सान पेद्रोचं कुळ, फुलं दोघांचीही मोठी, पांढरी, रात्री उमलणारी. पण सेरियसच्या फुलाची लांब नळी गुळगुळीत असते आणि दुसऱ्याच्या नळीवर चक्क केस असतात.

यंदा जूनमध्ये एकाला कळी आली. रोज बोटभर लांबत गेली आणि एका रात्री, जेवणं आटोपून लोक झोपायच्या बेताला, फुगून उघडायला लागली. ही फुलं उजाडल्यावर कोमेजतात, म्हणून जे काय करायचं ते तेव्हाच. मी बॅटरी घेऊन वर गेलो. गच्चीवर उजेड हलताना पाहून वॉचमन काठी घेऊन आला, त्याच्या मागे काकू, काकूंच्या मागे काका. वीतभर रुंदीचं पांढरं फूल पूर्ण उघडलं तेव्हा खाली दहा-बारा माणसं आणि तीन मोबाइल होते. मी गर्दीतून वाट काढत पुढे झालो आणि नळीवरून बोट फिरवलं.

"काय करतोस?" काकू म्हणाल्या.

"केस आहेत का बघतो."

कुणी काही बोललं नाही. नळी गुळगुळीत होती. म्हणजे सेरियस! नर्सरीवाला पहिल्यापासून खरं बोलत होता. आता सेरियसमधला कोणता, एवढंच. बाजारात त्याला पेरुव्हियानस म्हणतात. पण त्या नावाने खपणारी झाडं पेरूची नाहीतच, बरीचशी दक्षिण ब्राझील-अर्जेंटिनाकडच्या हिल्डमॅनियानसची निघतात. शास्त्रज्ञांनीच घोळ घातलेला म्हटल्यावर मी समाधानाने पट्टीवर शिसपेन्सिलीने 'सेरियस' एवढंच लिहिलं.

"याला फळ येतं का?" वॉचमनने विचारलं.

येतं, आणि खातातही. इस्रायलमध्ये 'कूबो' म्हणून याची लागवडच करतात. फक्त स्वतःच्या परागांवर याला फळ धरत नाही. दुसरा सेरियस हवा, आणि तो याच झाडाचा तुकडा नसून खरोखर वेगळा हवा. काकूंनी तिथल्या तिथे मला फळांची ऑर्डर दिली. सकाळी मी नर्सरीवाल्याला फोन लावला, सगळं नीट समजावून सांगितलं.

"काही काळजी करू नका, साहेब," तो म्हणाला. "तुमच्याकडे आहे ना, त्याच खांबाचा तुकडा लावून ठेवलाय. एकदम सेम पीस देतो."