सायकलने शाळेत पाठवते, पण जानेवारीत नाही

लेक सातवीत आहे, बारा वर्षांची. दांडिया बाजारातून फतेगंजला शाळेत जाते, या जूनपासून सायकलने. त्यावर बडोद्यातल्या आमच्या सगळ्या गोतावळ्याचं एकमत आहे: "पोरीला एकटीला सोडतेस? धन्य आहे तुझी!" खालच्या बेन भेटतील तेव्हा विचारतात, "एकली मोकलो छो?" सासूबाईंची काळजी मात्र खास बडोद्याची. वाटेत विश्वामित्रीचा पूल लागतो आणि नदीत मगरी. हसायची सोय नाही, कारण 2024च्या ऑगस्टमध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 26), तेव्हा वस्तीत शिरलेल्या मगरी अख्ख्या गावाने पाहिल्यात. पण खरं सांगू, मला मगरीपेक्षा पुलापलीकडच्या काळाघोडा सर्कलची धास्ती जास्त.

"पाठवायचं की नाही" असा एकच प्रश्न घेऊन बसलं की उत्तर सापडत नाही, नुसती भांडणं होतात. आमच्याकडे झाली. मग मी रस्त्याचे तुकडे पाडले. रावपुरा सकाळी पावणेसातला मोकळा असतो. दुकानं बंद, दूधवाले, पेपरवाले आणि गाई. गाईंचं तिला नीट समजावलंय. बसलेली गाय काही करत नाही. उभी असेल तर लांबून जायचं. आणि तिच्यामागे कुत्रं लागलेलं दिसलं तर सरळ ब्रेक दाबून कडेला थांबायचं, कारण मग गाय कुठे वळेल ते गाईलाही माहीत नसतं. कोठीपर्यंत काही अडचण नाही. सयाजी हॉस्पिटलच्या बाजूला रिक्षा आणि ॲम्ब्युलन्स, तिथे सावकाश.

काळाघोड्याला उतरायचं आणि सायकल हातात धरून चालत रस्ता ओलांडायचा. यावर वाटाघाटी नाहीत. ती म्हणते, "आई, सगळे बघतात." बघू देत. आयोवा विद्यापीठाने 2017 साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांकडून पडद्यावरच्या आभासी रस्त्यात गाड्यांमधून रस्ता ओलांडून घेतला होता. सहा वर्षांची मुलं 8 टक्के वेळा गाडीखाली आली असती, बारा वर्षांची 2 टक्के. चौदाव्या वर्षी मुलं मोठ्यांसारखी ओलांडायला लागली. तेही चालत, सायकलवर नाही! म्हणजे पोर कितीही हुशार असो, समोरून येणारी बस किती वेगात आहे आणि मधल्या फटीत आपण मावतो का, हा हिशोब अजून पक्का व्हायचाय. दोन टक्के ऐकायला कमी वाटतात. रोज जा-ये करणाऱ्या पोरीच्या आईला नाही वाटत.

आता महिन्यांचं. जानेवारीत सायकल बंद, रिक्षावाले काका चालू. दोन कारणं. शाळा 7:10ची, आणि आपल्याकडे जानेवारीत सूर्यच उगवतो सव्वासातनंतर. पश्चिमेला राहायचं आणि घड्याळ अख्ख्या देशाचं, त्याचे हे भोग. म्हणजे अख्खी वाट अंधारात. दुसरं कारण मांजा. उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीच्या, आधीपासून दोरा झाडांत, तारांत, खांबांत लोंबत असतो आणि नंतरही कितीतरी दिवस तसाच राहतो. स्कूटरवाले हँडलला सळईची कमान लावून घेतात, गळ्याला मफलर गुंडाळतात. सायकलवर बसलेल्या मुलाचा गळा मात्र नेमका त्याच उंचीवर उघडा. चायनीज मांजावर बंदी आहे म्हणे. आहेच. आकाशात बघा किती आहे. नवरात्रातही गरबा खेळून मध्यरात्री घरी आलेली पोर सकाळी सायकलवर बसणार नाही. झोपाळू मुलाला रस्ता क्षमा करत नाही.

एवढं सगळं ऐकून काही जण म्हणतात, मग कशाला हा खटाटोप, दहावीत गेली की ॲक्टिवा घेऊन द्या. हे मला अजिबात पटत नाही. बारा वर्षांच्या मुलीची सायकल धोक्याची आणि पंधरा वर्षांच्या मुलाची ॲक्टिवा सोयीची? वयात न बसणाऱ्या मुलाने गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी प्रत्येक ट्यूशनबाहेर स्कूटर्सची रांग आहेच, आणि ती उभी करणारे आपलेच आईबाप.

पण माझा खरा राग शाळेच्या गेटवर आहे. सगळ्या वाटेत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती शेवटच्या शंभर पावलांची. तिथे ना बस, ना ट्रक. तिथे आपण असतो. सात वाजून पाच मिनिटं झालेली, घंटेची घाई, राँग साइडने येणारी स्कूटर, पुढे उभं पोर, मागे दप्तर घेऊन दुसरं. कार गेटला नाक लावूनच थांबली पाहिजे, आणि डावीकडचं दार मागे न बघता उघडणार. त्या दाराच्या आणि फूटपाथच्या मध्ये सायकलवालं पोर असतं. आणि गंमत म्हणजे तिथेच काच खाली करून मला विचारतात, "अहो, तुम्हाला भीती नाही वाटत?"

वाटते. तुमची.

सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. आज गेटपर्यंत गाडी आणणाऱ्यांना ठेवला असता तर महाराजांची तिजोरी भरून वाहिली असती. गंमत राहू दे. कोपऱ्यावर गाडी थांबवून मुलाला तेवढं चालू द्यायला ना कायदा लागतो ना मुन्सिपाल्टी. पालकसभेत मी हे मांडलं तेव्हा माना डोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी गेटसमोर तीच गर्दी. शाळेकडून फक्त एक शिपाई आणि एक दोरी मागितलीय, सात ते सव्वासात.

सोमवारपासून आमच्या गल्लीतली आणखी दोन मुलं लेकीबरोबर निघणार आहेत, 6:35ला. रावपुऱ्याच्या वाटेवर कुणाला सामील व्हायचं असेल तर मेसेज करा. आधी सायकल दाखवायला आणा. सीट पोराच्या उंचीला लावलेली हवी आणि मागचा ब्रेक लागायला हवा. घंटी नसली तर आमच्याकडे जास्तीची आहे.