‘सर’ म्हणजे गुलाम? काहीतरीच!

बाबा 32 वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. परवा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. कुणीतरी ढकललेला मेसेज: ‘सर’ (S-I-R) ही आद्याक्षरं, म्हणजे ‘स्लेव्ह आय रिमेन’, मी गुलामच राहीन. इंग्रजांनी आपल्याकडून वदवून घ्यायला हा शब्द बनवला, ‘मॅडम’ही तसलाच, तेव्हा ‘साहेब’ म्हणा. चष्मा कपाळावर सरकवून बाबा म्हणाले, “म्हणजे पोरं इतकी वर्षं मला हे म्हणत होती का रे?” माझं डोकंच फिरलं.

इंग्रजांनी आपल्यासाठी बनवला म्हणे! 1615 मध्ये जहांगीराकडे इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून आला तो सर थॉमस रो. ‘सर’ हा त्याचा स्वतःचा किताब, नावाच्या आधी मिरवायचा. म्हणजे ‘मी गुलामच राहीन थॉमस रो’? मुंबईचे दानशूर व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांना 1842 मध्ये ‘सर’ केलं, ते काय गुलाम म्हणून? आणि टागोरांनी जालियनवाला बागेनंतर, 1919 मध्ये, हाच किताब नको म्हणून कळवलं. तो मान होता म्हणूनच तो नाकारण्याला धार होती.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश काढून बघा. ‘सर’ हे ‘सायर’चं आखूड रूप. ते आलं फ्रेंचमधून, आणि मूळ लॅटिन ‘सेनिऑर’, म्हणजे वयाने मोठा. इंग्रजीत तो तेराव्या शतकापासून आहे. ईस्ट इंडिया कंपनी निघाली 1600 मध्ये. हिशेब करा. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची खोड मुख्यतः विसाव्या शतकातली.

‘मॅडम’ म्हणजे फ्रेंच ‘मा दाम’, माझी बाईसाहेब. झालं. आणि ‘साहेब’? अरबी. अर्थ सोबती, तसाच धनी. गुलामी नको म्हणून धनी म्हणायचं, वा!

एक मात्र कबूल. जुन्या इंग्रजी पत्रांच्या शेवटी ‘आय रिमेन, सर, युवर ओबीडियंट सर्व्हंट’ अशा थाटाचं लिहीत. मेसेजचं बी बहुधा तिथलंच. गोऱ्या अधिकाऱ्यापुढे आपल्या लोकांना ‘सर, सर’ करावं लागे, हेही खरं. पण पत्राचा तो शेवट जॉर्ज वॉशिंग्टनही करायचा, आणि त्यातलं ‘सर’ हे निव्वळ संबोधन.

आणि ‘सर’ अगदीच परका म्हणाल, तर त्याच्या मुळाशी असलेल्या ‘सेनिऑर’मधला ‘सेन’ आणि वेदातला ‘सन’, म्हणजे जुना, हे एकाच मुळाचे. ‘सनातन’ त्याच घरातला.

बाबांनी हे सगळं वाचलं. शेरा मारला: “उत्तर बरोबर. पायऱ्या गाळल्यात.”