खुलासा : धान्य सहापट, पण माणशी सहापट नाही

‘१९५१ पासून देशाचं धान्य उत्पादन सहापट झालं, म्हणजे आज प्रत्येकाच्या वाट्याला सहापट धान्य येतं’ असा मेसेज फिरतोय. पहिला भाग खरा आहे, दुसरा चूक.

केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार १९५०-५१ मध्ये अन्नधान्य उत्पादन सुमारे ५.१ कोटी टन होतं, २०२२-२३ मध्ये जवळपास ३३ कोटी टन. शेतकऱ्यांचं हे यश मोठंच आहे, तेही पेरणीचं क्षेत्र दुप्पटही न होता. पण याच काळात लोकसंख्या ३६ कोटींवरून १४० कोटींच्या घरात गेली. शिवाय बियाणं, जनावरांचा चारा, नासाडी, निर्यात आणि सरकारी साठा यांतही धान्य जातं. त्यामुळे आर्थिक पाहणी अहवालातली माणशी रोजची उपलब्धता १९५१ मध्ये सुमारे ३९५ ग्रॅम होती, ती अलीकडे ५०० च्या आसपास आहे.

डाळींचं चित्र तर उलटंच. माणशी ६१ ग्रॅमवरून आकडा ५० च्या खाली आलाय! उत्पादन तिप्पट झालं, खाणारी तोंडं जवळपास चौपट. गहू-तांदळाच्या कौतुकात ही गोष्ट झाकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल, तिथे हा खुलासा टाका.