आम्हाला पूल म्हणू नका

परवा आमच्याकडच्या एका कार्यक्रमात पुण्याहून आलेले पाहुणे म्हणाले, बडोद्याचे मराठी म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरातमधला पूल आहेत. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या, पण नंतर अकोटा-दांडियाबाजार ब्रिजवरून (सोलर पॅनलचं छत आहे ना, तोच) स्कूटरवर घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईचना. कारण पुलावर कोणी राहत नाही हो. माणूस पूल ओलांडतो आणि आपल्या वाटेने जातो. आम्ही तर इथेच राहतो, पणजोबा सयाजीराव महाराजांच्या वेळी कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले.

तेव्हापासून हा शब्द जिथे तिथे भेटतोय. आईची दाढ काढली तर डॉक्टर म्हणाले ब्रिज बसवू, म्हणजे मधल्या एका खोट्या दातासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्यावर कॅप चढवायची. आई म्हणाली, अगं पण त्या दोघांनी काय केलंय? बाबा क्लबात ब्रिज खेळायचे, लहानपणी मला वाटायचं पत्त्यांचा पूल बांधत असतील, पण त्या खेळाच्या नावाचा पुलाशी संबंधच नाही, आधी त्याला बिरिच म्हणायचे त्याचं ब्रिज झालं. आणि सांगलीची मावसबहीण फोनवर म्हणाली, आज सेतूत गेले होते, दोन तास लाइन, तर मला कळेचना कुठे गेली ही, मग समजलं की तिकडे दाखले मिळतात त्या केंद्राला सेतू म्हणतात, आपल्याकडे जनसेवा केंद्र म्हणतात ते. सेतू म्हणजे संस्कृतात पाणी अडवणारा बांधसुद्धा बरं का. कोकणात ओढ्यावर असतो तो साकव. आणि आपला पूल? तो तर फारसीतून आलाय! पण मराठीत त्याला आता कोणी विचारत नाही की तू मूळचा कुठला. आमच्या गरनाळ्याचं (रेल्वेखालून जाणारा रस्ता) तसंच, अलकापुरीचं गरनाळं पावसात भरलं म्हटलं की पुण्याच्या माणसाला काही कळत नाही, पण माझ्यासाठी तो घरचा मराठी शब्द आहे, गुजरातीतून आला म्हणून परका नाही.

बडोद्यात पावसाळ्यात पूल म्हणजे फूटपट्टी. कालाघोड्याच्या पुलाला पाणी किती झालं, हाच प्रश्न सगळीकडे. तिथे २६ फूट ही विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं, त्या रात्री ज्यांनी सामान माळ्यावर चढवलं त्यांना वेगळं सांगायला नको. आणि ९ जुलै २०२५ ची सकाळ. महीसागरवरचा गंभीरा पूल, १९८५ चा, आपल्या पादरा तालुक्याला आणंद जिल्ह्याशी जोडणारा, मधूनच कोसळला, गाड्या माणसांसकट नदीत गेल्या, एक टँकर तुटलेल्या टोकाला लटकून राहिला. तेव्हापासून मला हा शब्द नुसता कौतुकाने ऐकता येत नाही. पुलावरून सगळे जातात, खाली वाकून खांब कोण बघतं? आम्हाला पूल म्हणणाऱ्यांनी इथल्या मराठी माध्यमाच्या शाळांत किती मुलं उरलीत ते एकदा येऊन बघावं, मुलांसाठी पुस्तकं पाठवावीत, लेखक पाठवावेत. वर्षातून एक भाषण करून निघून गेलं तर आमची पोरं मराठी वाचणार कशी? माझा भाचा मराठी छान बोलतो पण वाचायला गुजराती लिपीच सोपी जाते त्याला, आणि यात त्याची काहीच चूक नाही.

एक ब्रिज मात्र मला मनापासून आवडतो. आत्याच्या मिरजेच्या तानपुऱ्याची घोडी. इंग्रजीत तिलाही ब्रिजच म्हणतात, पण तारेला ती ओलांडून कुठे जायचंच नसतं. घोडीची पाठ पसरट आणि किंचित उतरती असते, तार तिला हलकेच घासत थरथरते आणि तारेखालचा तो सुती दोरा केसभर मागेपुढे करत नेमक्या जागी आला की एकाच तारेतून किती सूर उमलायला लागतात, अंगावर काटा येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांच्या या घोडीवर लिहिलं होतं, तार घोडीला अशी टेकल्यामुळेच तिच्यात इतके वरचे स्वर जिवंत राहतात म्हणून. आत्याने दोरा सरकवायला शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, म्हणाली होती, घाई करू नकोस, ऐक. आमच्या घरातली मराठी मला तशी वाटते, गुजरातीला सतत घासत राहिलेली आणि त्यामुळेच तिचा असा वेगळा आवाज असलेली. पुढच्या वेळी त्या पाहुण्यांना मी घरी बोलावून हा तानपुरा ऐकवणार आहे.

पण आत्ता त्याची जवारी, म्हणजे घोडीच्या पाठीची ती नेमकी घडण, उतरलीय, दिवाळीनंतर मिरजेला न्यायचाय. कोणी गाडीने त्या बाजूला जाणार असेल तर प्लीज कळवा, बसमध्ये टाकायला जीव होत नाही.