चांगला दिवस डोक्यात कसा जाऊ द्यावा

विनोद करून पोट भरणाऱ्या माणसाचा वाईट दिवस सगळ्यांच्या ओळखीचा असतो, आणि त्यावर सल्ला द्यायला तर रस्त्यावरचा कुणीही तयार असतो. पण सकाळी रेडिओवरची मुलाखत रंगली आणि रात्रीच्या कार्यक्रमात लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं, असा दिवस उगवला तर काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. मग माणूस गांगरतो आणि त्या भरात चुकून दुसऱ्या कुणाचे तरी आभार मानून बसतो. थोडी पूर्वतयारी केली तर हा धोका सहज टाळता येतो.

सुरुवात रेडिओपासून करू. तुमची मुलाखत अशा वेळी ठेवलेली असते, ज्या वेळी तुमच्या व्यवसायातली माणसं कूस बदलत असतात. आदल्या दिवशी निर्मात्या बाईंनी फोनवर गप्पा मारता मारता तुमच्याकडून चार किस्से काढून घेतलेत, ते क्रमाने लिहिलेत, आणि प्रत्येक किश्शाला पोचेल असा एकेक साधाभोळा प्रश्न तयार केलाय. तो कागद निवेदकाच्या कोपराशी आहे. तो त्याकडे ओझरतं बघतो आणि अगदी आत्ता सुचल्यासारखं विचारतो, "परवा म्हणे तुम्ही लिफ्टमध्ये अडकला होतात?" तुम्ही दचकायचं. "अरे, हे तुमच्यापर्यंत पोचलं पण?" असं म्हणायचं. आणि मग तोच लिफ्टचा किस्सा सांगायचा, जो तुम्ही वर्षभर मंचावर करताय आणि ज्यातला 'सातवा मजला' कधीच बदलत नाही, कारण सहाव्या मजल्याला हशा येत नाही हे तुम्हाला अनुभवाने कळलंय. ऐकणारा म्हणतो, काय हजरजबाबी माणूस आहे! त्याचं तसं वाटणं स्वाभाविक आहे. तुमचं कौशल्य यात, की गाडीत बसेपर्यंत तुम्हालाही तसंच वाटू लागलं पाहिजे.

स्टुडिओतली शांतता नवख्याला खाते. भिंतींना आवाज शोषणारे जाड थर, दार बंद झालं की कानात दडे बसल्यासारखं. तुम्ही हमखास वाक्य टाकता आणि पलीकडून काहीही येत नाही. निवेदक हसतोय, पण तो मुरलेला आहे. तुमच्या वाक्यावर आपला आवाज चढू नये म्हणून तो माइकपासून तोंड वळवून नुसते खांदे हलवतो. काचेपलीकडचा तंत्रज्ञ पुढच्या जाहिरातीची वेळ बघतोय. अमेरिकी विनोदी नट एड विन १९२२ साली रेडिओवर पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा या शांततेने त्याची अशी तंतरली की केंद्रातले कर्मचारी, सफाईवाले, जो सापडेल त्याला त्याच्यासमोर आणून बसवावं लागलं, अशी हकीकत सांगतात. पुढे १९३० च्या दशकात तो समोर प्रेक्षक बसवून, वर वेशभूषा करून रेडिओ कार्यक्रम करायचा. रेडिओवर वेशभूषा! तुम्हाला एवढं करायची गरज नाही. तुम्ही हेडफोनमधून येणारा स्वतःचाच आवाज ऐका. माइकच्या जवळ गेलं की आवाजाचा खर्ज वाढतो, हा माइकचा गुण आहे. पण आज तो तुमच्या व्यक्तिमत्त्वाचा समजा.

श्रोते हसले की नाही, हे रेडिओवर कळायला मार्गच नाही. ही रेडिओची सर्वांत मोठी सोय. हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणायचे की माणूस एकटा असण्यापेक्षा चारचौघांत ३० पट अधिक हसतो. तुमचा सकाळचा श्रोता गाडीत नाहीतर आरशासमोर एकटाच असतो, म्हणजे तो बहुधा नुसता नाकातून श्वास सोडतो. पण तो दिसत नाही ना? मग तो गडबडा लोळतोय असंच धरून चाला. एखाद्या श्रोत्याचा फोन आलाच, तर पहिली काही वाक्यं "तुमच्या रेडिओचा आवाज जरा कमी करता का" यातच जातात आणि मग तो विचारतो, की तुमच्या आधी ते दुसरे आले होते ते परत कधी येणार. या फोनचा उल्लेख नंतर कुणापाशी करू नका.

अंगात फारच आलं असेल तर रेडिओवर पॉझ घेऊन बघा. अमेरिकी विनोदी नट जॅक बेनीने १९४८ मध्ये आपल्या रेडिओ कार्यक्रमातल्या एका प्रसंगात घेतला होता. लुटारू विचारतो, पैसे की प्राण? कंजूष बेनी गप्प. लोक हसतात, तो तरी गप्प. लुटारू पुन्हा दरडावतो तेव्हा तो म्हणतो, "विचार करतोय ना!" आता बेनीसमोर स्टुडिओत प्रेक्षक बसले होते, आणि तो चिक्कू आहे हे श्रोत्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं, हे दोन फुटकळ तपशील सोडून द्या. तुम्ही तसेच थांबा. हल्ली बऱ्याच केंद्रांवर शांतता ओळखणारं यंत्र असतं. ठरावीक सेकंद आवाज आला नाही की ते ठणाणा करतं, काही ठिकाणी तर आपोआप राखीव गाणं सुरू करतं. तुमच्या पॉझवर गाणं लागलं, तर केंद्राला तो पेलवला नाही असं म्हणा.

रेडिओवर बोलण्याचं मानधन सहसा नसतं, प्रसिद्धी असते. तिचं काय करायचं हे बिलं पाठवणाऱ्यांना कधी कळलेलं नाही, म्हणून आपण रात्रीच्या कार्यक्रमाकडे वळू.

खरा धोका इथे आहे, कारण इथे हशा ऐकू येतो. तो ऐकू आला की त्याचं कारण शोधायची बुद्धी होते, आणि आजूबाजूला नीट पाहिलंत तर कारणं भराभर सापडू लागतात. खोली लहान आहे. छत खाली आहे, त्यामुळे हशा वर जाऊन विरत नाही, परत अंगावर येतो. खुर्च्या खेटून मांडल्यात. आलेले साठ लोक दोनशेच्या सभागृहात विखुरले असते तर प्रत्येकाने आधी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं असतं. इथे साठांच्या जागेत साठ आहेत, एकाचा खांदा हलला की दुसऱ्याचा हलतो. प्रेक्षकांवर अंधार आहे, त्यामुळे चारचौघांत तोंड फाडून हसायला कुणी लाजत नाही. पहिली रांग मंचाला चिकटून बसवलीय. हे सगळं दुपारी कुणीतरी खुर्च्या ओढून ओढून केलं. त्या मुलाचं नाव विचारू नका. विचारलंत की लक्षात राहतं.

सूत्रसंचालिकेचं तर तोंडही बघू नका. तुमच्या आधी थंड, सावध, हाताची घडी घालून बसलेल्या लोकांशी ती एकटी झुंजली. तिचे पहिले तीन विनोद जमिनीवर पडले, चौथ्याला कुणीतरी खोकलं. तरी ती लोकांशी बोलत राहिली, मागे बडबडणाऱ्या टोळक्याला हसत हसत गप्प केलं, आणि हाताच्या घड्या सुटल्यावर तुमचं नाव पुकारलं. तुम्ही आलात, माइक काढून घेतलात, स्टँड मागे ठेवलात, आणि पहिल्याच वाक्याला सभागृह हशाने कोसळलं. हसू तयारच होतं, तुम्ही फक्त झाकण काढलंत, असं म्हणणारे निघतील. त्यांना म्हणा, झाकण काढायलाही मनगट लागतं.

एका व्यक्तीकडे मात्र माझं स्वतःचं लक्ष नेहमी जातं. दुसऱ्या रांगेत कडेला एक बाई असतात. सगळे हसून थांबले, की अर्ध्या क्षणाने त्यांना विनोद कळतो आणि त्या एकट्याच किंचाळल्यासारखं हसतात. त्या हसण्याला सभागृह पुन्हा हसतं. म्हणजे प्रत्येक वाक्याला दोन हशे. तुम्ही पुढचं वाक्य तोंडात धरून थांबता, आणि लोकांना वाटतं, काय टायमिंग आहे! दूरदर्शन मालिकांमध्ये हेच काम करायला १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हशाचं यंत्र बनवलं होतं. त्याला टंकलेखन यंत्रासारख्या कळा होत्या, कळ दाबली की हवा तसा हशा. तो ते कुलूप लावून ठेवायचा. तुमच्या बाई विनाकुलूप, तिकीट काढून आल्यात. कार्यक्रम संपल्यावर त्या भेटायला येतील आणि म्हणतील, "मला मेलीला विनोद उशिराच कळतात हो." त्यांच्याबरोबर फोटो काढा आणि पुढे सरका.

मग पहिल्या रांगेतल्या माणसाला विचारा, काय करता? हा क्राउड वर्कचा, म्हणजे प्रेक्षकांशी थेट गप्पा मारून हशा काढण्याचा, सर्वांत जुना प्रश्न, आणि बहुतेक रात्री उत्तर येतं "नोकरी". आज मात्र तो म्हणतो, "घटस्फोटाची कामं करतो," आणि त्याच्या शेजारची बायको म्हणते, "बाहेरची." सभागृह दुसऱ्यांदा कोसळतं. रात्रीतला सर्वांत मोठा हशा हा, आणि तो तिचा आहे. तुम्ही फक्त भुवया उंचावा. उद्यापासून हा संवाद तुमच्या संचात, म्हणजे ठरलेल्या विनोदांत, येईल. तेव्हा बायकोचं वाक्य तुम्ही स्वतः म्हणाल, आणि काही महिन्यांत ते पहिल्यांदा तुम्हालाच सुचलं होतं हे तुम्हाला स्पष्ट आठवू लागेल.

मागच्या भिंतीवरचा लाल दिवा लागला, की वेळ संपत आली. चांगल्या दिवशी तो दिवा तुमच्यासाठी नसतो. तुमच्यानंतर आणखी दोघं आहेत आणि त्यांनाही घरी जायचंय, हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. थांबू नका. लोक आणखी पाच मिनिटं हसतील, त्यापुढची पाच सौजन्याने हसतील, आणि शेवटचा विनोद गेल्या आठवड्यातला कच्चा माल असेल. उतरलात की पुढच्या कलाकाराच्या पाठीवर थाप मारा आणि म्हणा, "मस्त तापवून ठेवलेत, जा." तुमच्या दहा मिनिटांमुळे त्याची वेळ कापली गेलीय. तो "थँक्स" म्हणेल. त्या "थँक्स"चा सूर बारकाईने ऐकू नका.

घरी जाताना एखाद्या व्यवसायबंधूला फोन करा. "कसा गेला तुझा दिवस?" असं विचारा, म्हणजे त्याला उलट विचारणं भाग पडेल. त्याने नाही विचारलं तर थोडं थांबा, मग "माझं विचारू नकोस" म्हणा आणि सांगायला लागा. घरच्यांना सांगताना मात्र जपून. त्यांनी लिफ्ट इतक्या वेळा ऐकलीय की सातवा मजला यायच्या आधीच ते विचारतात, "बिल भरलंस का?"

कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तुमच्या फोनमध्ये आहे. या धंद्यातली शहाणी माणसं दुसऱ्या दिवशी ते ऐकतात. कुठलं वाक्य लांबलं, कुठे हशा विरायच्या आत पुढचं बोलून तो कापला, हे नोंदवतात, आणि त्यातून पुढचा अर्धा शब्द सुधारतात. आपल्याला हे परवडणारं नाही. तुम्ही ऐकायला बसलात, तर आज नवं असं एकही वाक्य नव्हतं हे बाराव्या मिनिटापर्यंत कळून चुकतं. शिवाय प्रोव्हाइन यांचीच आणखी एक खोडी आहे. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातले १२०० हास्यप्रसंग टिपले, आणि हसण्याच्या आधीचं वाक्य जरा तरी विनोदी होतं असे प्रसंग निघाले जेमतेम १० ते २० टक्के. बाकी वेळा माणसं "बरं, निघतो" अशा वाक्यालाही हसत होती, समोरच्याच्या सोबतीने. चांगल्या दिवसानंतर असं काही वाचू नये. फोनमधली ती फाइल हटवा आणि तिथे "आज भरून आलं" असं लिहून स्वतःचा फोटो टाका.

आता उद्याचं. दुपारी एका कंपनीचा स्नेहमेळावा आहे. मंच सभागृहाच्या एका टोकाला आणि जेवणाची टेबलं दुसऱ्या टोकाला, मध्ये नाचासाठी मोकळी सोडलेली जागा, दिवे सगळे चालू, छत उंच. तुमच्या आधी साहेब वार्षिक आढावा घेऊन नोकरकपातीबद्दल दोन शब्द बोलणार आहेत. एक शब्दही बदलू नका. तोच संच, तोच क्रम, तोच शर्ट. आणि सुरुवात "काय करता तुम्ही?" यानेच करा.