चाक का चमकतं?

आज पुन्हा इंद्रायणीच्या फेसाचे फोटो फिरतायत आणि नदीकाठच्या छोट्या गावांचा मैला मोठ्या शहराच्या सामायिक प्लांटमध्ये घ्यावा या सूचनेवर तीच ठरलेली कमेंट: "त्यांचा मैला आपल्या प्लांटमध्ये का घ्यायचा? त्यांचं त्यांनी बघावं." डोकं फिरलं.

अहो, घेतोयच की! लोणावळा, कामशेत, तळेगाव, देहू, मग चिखली-मोशी, मग आळंदी, याच क्रमाने पाणी खाली येतं. देहूच्या खाली निघोजे बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड पिण्यासाठी पाणी उचलतं. म्हणजे वरच्यांचा मैला एसटीपीत (मैलाशुद्धीकरण प्लांटमध्ये) नको, जलशुद्धीकरण केंद्रात चालेल.

"गाव तिथे एसटीपी" ऐकायला झकास. हिशोब करा. ३० हजार वस्ती, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात: सव्वातीन एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). एवढ्याशा प्लांटलाही तीन पाळ्यांचे ऑपरेटर, केमिस्ट, इलेक्ट्रिशियन, स्टँडबाय ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) लागतोच. दहापट मोठ्या प्लांटला दहापट माणसं लागत नाहीत. छोट्या नगरपरिषदेत वीजबिल थकलं की रात्री ब्लोअर बंद. एसबीआरच्या (हवा देणं आणि निवळणं एकाच टाकीत करणाऱ्या पद्धतीच्या) टाकीतला ऑक्सिजन संपतो, स्लज (मैला खाणाऱ्या जिवाणूंचा गाळ) फुगतो, तळाशी बसत नाही आणि डिकँटरमधून (वरचं निवळलेलं पाणी काढणाऱ्या यंत्रातून) पाण्याबरोबर थेट नदीत जातो.

आळंदीसारख्या ठिकाणी तर वारी. ३० हजारांसाठी बांधलेल्या प्लांटमधून कार्तिकीत स्लज वाहून जाणार. वारीच्या गर्दीसाठी बांधला, तर उरलेलं वर्ष जिवाणू उपाशी. मोठा सामायिक प्लांट हा धक्का निदान पचवू तरी शकतो. चऱ्होली महापालिकेत, शेजारची आळंदी नगरपरिषदेत. मैलापाण्याला ही रेघ कुठे दिसते?

एका छोट्या गावचं मैलापाण्याचं पंपिंग स्टेशन (नाव नको) डोळ्यांसमोरून हलत नाही. मैला आत घेणाऱ्या इनलेट गेटचं चाक गंजून जाम. नाल्याकडे सोडणाऱ्या बायपास गेटचं चाक मात्र चकचकीत, स्पिंडलला ताजं ग्रीस. रोज हात फिरल्याशिवाय लोखंड असं चमकत नाही.

ऑपरेटरला शिव्या देऊ नका. पंपाआधी कचरा अडवणाऱ्या जाळीची फट २० मिमी, पण ती साफ करायला माणूस नाही. मग जाळी तुंबते, कुणीतरी वैतागून ती उचलून ठेवतो, आणि साडीचे तुकडे, वाइप्स, पॅड थेट पंपाच्या इम्पेलरला (फिरत्या पात्यांना) गुंडाळले जातात. मोटर ओव्हरलोडवर ट्रिप. पातळी चढली की पंप सुरू करणारा फ्लोट तेलाच्या थरात चिकटलेला, म्हणून दुसरा पंप सुरूच होत नाही. वेट वेल (मैलापाणी साठतं ती विहीर) अर्ध्या तासात काठोकाठ. बिचाऱ्याच्या हातात उरतं काय? ते चाक.

बरं, मोठ्या प्लांटला पाइप जोडला की सुटलो असंही नाही, कबूल. लांबच्या रायझिंग मेनमध्ये (पंपाच्या दाबाने चालणाऱ्या पाइपमध्ये) मैलापाणी तासन्तास पडून राहिलं की सडतं. जिथे ते ग्रॅव्हिटी लाइनमध्ये (उताराने वाहणाऱ्या पाइपमध्ये) पडतं, तिथे हायड्रोजन सल्फाइडचं आम्ल होऊन काँक्रीट पाइपचं छत खाऊन टाकतं. म्हणून पंप चालू असताना वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली नको. तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येचा एकच जाडजूड पाइप टाकण्यापेक्षा दोन बारीक टाका, दुसरा नंतर सुरू करा. आणि ते सव्वातीन एमएलडी पाणी २० मीटर वर चढवायला, पंप-मोटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर रोज जवळपास ३०० युनिट. कुणाच्या मीटरवर? हे आधी लिहून घ्या, भांडण इथेच होतं.

मोठ्या शहराची भीतीही अगदीच खोटी नाही. रात्री कुणी प्लेटिंगच्या (धातूला मुलामा देणाऱ्या) कारखान्याच्या सांडपाण्याचा टँकर चेंबरमध्ये ओतला तर टाकीतले जिवाणू मरतात, नव्याने वाढवायला आठवडे जातात. पण त्यासाठी दार कशाला लावता? हद्दीवर मॅग्नेटिक फ्लोमीटर (किती पाणी आलं ते मोजायला), पीएच आणि कंडक्टिव्हिटीचे (आम्ल आणि विरघळलेले क्षार कळायला) सेन्सर, ऑटो सॅम्पलर (आपोआप नमुना घेणारा) बसवा. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी ठेवा, पाइप तिथे कायम भरलेला हवा. आपले ठेकेदार हमखास बेंडला चिकटवून बसवतात आणि मग दोन्ही गावं आकड्यांवरून भांडतात. दर घनमीटरवर, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) ठरल्यापेक्षा जास्त आली तर अधिभार.

आणि एक कलम मी पहिल्या पानावर टाकेन. बायपास गेटला कुलूप, किल्ली शेजारच्या गावाकडे. मध्यरात्री पंप बसला तर त्यांना फोन करायचा, त्यांचा माणूस येणार, रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहिणार, मगच चाक फिरणार. या कलमावर दोन्हीकडची मंडळी एकदम गप्प होतील, बघा.